चौदा छतं आणि एक उशी

रिसोडला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते ते काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले होते. अर्थात, फक्त कागदावर. माझ्या स्कूटीवर मागे बसले की सीटच्या कडेला बोटानं दोनदा टकटक करायचे, मगच निघायचं. एकदाच टक केलं की थांबायचं. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं, मी आपली किल्ली फिरवून निघाले, तर मागून आवाज, "मॅडम, डबल बेल देल्ली का मी? पाशिंजर खाली राह्यला असता तं जबाबदारी कोनाची?" पाशिंजर म्हणजे ते स्वतःच, आणि ते माझ्या मागे व्यवस्थित बसलेले होते. पण नियम म्हणजे नियम.

त्यांच्या घरात दारात उभं राहून बोलायची कोणाची टाप नव्हती. "दारात गर्दी नाई कराची, आत सरका, आत लय जागा हाय," असं म्हणून ते दूधवाल्यालासुद्धा बैठकीत घेत. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी एकेका डोक्यावर बोट नाचवून माणसं मोजत, आणि मोजून झाली की वाढप्याला मान हलवून परवानगी देत. वाढपी बिचारा गोंधळायचा, पण वाढायला लागायचा.

मी तेव्हा तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास असला की मॅडम, नसला की रिकामटेकडी. मूळची मी अकोल्याची, लग्नाचं वय आईच्या मते उलटून चाललेलं, आणि हाताशी एक स्कूटी. काकांना असंच माणूस पाहिजे होतं.

त्यांची सगळ्यात मोठी विद्या म्हणजे झोप. गाडी फलाटाला दहा मिनिटं उभी राहिली की हा माणूस नऊ मिनिटं झोपायचा, आणि सुटायच्या वेळेला कोणी न उठवता उठायचा. उभ्यानं झोपायचे, बसून झोपायचे, खांद्यावर तिकिटांची पेटी अडकवून झोपायचे. काकूंचं बरोबर उलटं. मी त्या घरात दीड वर्ष काढलं, पण काकूंना दुपारी आडवं झालेलं एकदाही पाहिलं नाही. भर उन्हाळ्यात सगळं रिसोड दारं लावून पडलेलं असायचं आणि काकू आपल्या सुपात तूर घेऊन निवडत बसलेल्या. तूर संपली की गोधडीला टाके. मी विचारलं तर म्हणायच्या, "मले नाई लागत दिवसाची झोप." मी ते ऐकून सोडून दिलं.

आता छताचं सांगते.

काकांची एकुलती एक पोरगी पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात दुसरी गोष्टच नाही. दिवस भरणार होते ऐन वैशाखात. घर म्हणजे पुढची एक खोली माझ्याकडे, मधल्या स्लॅबच्या खोलीत हे दोघं, आणि मागे उघडं परस. मी माझी खोली देऊ केली, तर काकू कानावर हात ठेवून म्हणाल्या, "भाड्याच्या बाईले उठवून पोरीचं बाळंतपन कराचं? लोक शेन घालतीन तोंडात." म्हणून परसात एक खोली काढायचं ठरलं. मिस्त्रीनं पंधरा दिवसांत चार भिंती उभ्या केल्या, दार बसवलं, खिडकी बसवली, आणि हात झटकून विचारलं, "काका, वरतून काय टाकाचं?"

तिथं सगळं अडलं ते अडलंच.

तुम्ही म्हणाल, काहीतरी टाका आणि कूलर लावा. पण आमच्याकडे बाळंतिणीला कूलरचं वारं चालत नाही. पंखासुद्धा काकू चोरून लावू देणार होत्या. वर तिला शेक, म्हणजे खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. वैशाखातलं ऊन, खाली शेगडी, अंगावर एवढंसं लेकरू, आणि वारा बंद. म्हणजे जे काही करायचं ते छतानंच करायचं होतं. हे काकांना अगदी बरोबर कळलं होतं, म्हणून तर ते ठरवू शकत नव्हते. मिस्त्री म्हणे टिनं टाका, दोन दिवसांत मोकळे. जावई फोनवर म्हणे स्लॅब टाका. शेजारी म्हणे सिमेंटचे पत्रे, कोणी म्हणे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, कोणी म्हणे ते नवीन रंगीत पत्रे निघालेत ते. काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य बोलत: "छताखाली झोपल्याबिगर छत समजत नाई."

आणि हा माणूस खरंच झोपायला निघाला हो!

एक उशी होती त्यांची. पोरीनं शाळेत असताना अभ्र्यावर मोर काढला होता, तो कोंबडीसारखा दिसायचा. ती उशी काखेत मारायची, ओला दुपट्टा डोक्याला, स्कूटीला डबल बेल. चैत्रातल्या टळटळीत दुपारी आम्ही कोणाच्याही दारात उभे. तीस वर्षं तालुक्यातल्या माणसांना तिकिटं फाडून दिलेली, त्यामुळे ओळख सगळीकडे. "कंडक्टरसाहेब! या, या!" म्हणून माणूस पुढे आला की काका म्हणत, "च्या नको, पानी नको. अर्धा घंटा तुमच्या छताखाली निजू द्या फक्त." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी त्या चेहऱ्यासाठीच जात होते, खोटं कशाला बोलू?

सिमेंटच्या पत्र्यासाठी ते धान्य मार्केटातल्या एका गोदामात सोयाबीनच्या पोत्यांवर झोपले. हमालांना वाटलं, असेल शेठचा पाहुणा, उठवायचं कशाला. त्यांनी आपलं काम चालू ठेवलं आणि काकांच्या चारी बाजूंनी थप्पी लावली. जाग आल्यावर काका आतून पोतं ठोकून सिंगल बेल देत होते आणि मी बाहेर हसून हसून खाली बसले होते. बाहेर निघाल्यावर घाम पुसत निर्णय काय, तर "झकास झोप लागली. पास."

शिरपूरला एका जुन्या धर्मशाळेच्या ओसरीत, दगडी छताखाली झोपले. तीही झकास, तीही पास. घरी येऊन दगडाचं छत कसं टाकतात याची चौकशी सुरू केली, तेव्हा काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "पोरीसाठी खोली बांधून राह्यले का देऊळ?" कवेलूचं घर पाहायला एकटेच एसटीनं इंझोरीला गेले. गाडीत बसल्याबरोबर डोळा लागला, इंझोरी मागे राहिलं आणि काका शेवटच्या थांब्यावर उतरले. तरी घरी येऊन सांगितलं, "कवेलू पाह्यले नाई, पन रस्त्यानं झोप चांगली लागली." एका लग्नाच्या मांडवात झोपले ते नवरी वाटेला लावेपर्यंत. लग्न कोणाचं होतं हे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मांडवाचं कापडही पास.

आता माझा एक गुन्हा कबूल करते. शिरपूरच्या रस्त्यावर ओळख नसलेल्या एका घरात काका आत घोरत असताना घरधन्यानं मला हळूच विचारलं, "हे साहेब कोन हायेत?" मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "छतं तपासायला आलेत. वरून." बस्स! काका उठेपर्यंत पोहे तयार, शेजारपाजारचे गोळा. एका म्हातारीनं त्यांच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स कोंबली: "साहेब, घरकुलाच्या यादीत माहं बी नाव टाका बाप्पा." काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी कागद घेतला. मग बाकीच्यांनीही दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा माणसं पत्ता विचारत, झेरॉक्स घेऊन आमच्या दारात हजर.

काकूंनी मला मधल्या खोलीत बोलावून अशी काही झाडली की मी दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. काका मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मस्करी तुमची, पन कागद माह्या हातात आला. हातात घेतलेला कागद पोचवाचा असते." आणि सगळे कागद घेऊन भर उन्हात पंचायत समितीत गेले, संबंधित बाबूसमोर बसले, एकेकाचं नाव सांगितलं आणि ते लिहून घेतल्याशिवाय उठले नाहीत. ती मस्करी मला त्यानंतर कधी मोठ्यानं सांगता आली नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

असं करता करता चौदा छतं झाली आणि चौदाच्या चौदा पास. खोली उघडीच. वरून कावळे आत डोकावत होते. मिस्त्रीनं एक दिवस येऊन सांगितलं, "काका, मी शनवारपासून दुसरं काम धरून राह्यलो. मंग मले बोलावू नका." त्याच संध्याकाळी पोरीचा फोन आला. डॉक्टरनं प्रवास लवकर करा म्हटलंय, शुक्रवारी येते. म्हणजे चार दिवस.

काकूंनी फोन ठेवला. काका खुर्चीत बसून विचार करत होते, म्हणजे डोळे मिटलेले होते.

"उठा," काकू म्हणाल्या.

"विचार करून राह्यलो."

"अवो, कायचा विचार! तुमाले कोठीबी झोप लागते. पोत्यावर लागते, एसटीत लागते, लोकाच्या लग्नात लागते. तुमी काय छत तपासता? आंधळ्यानं रंग निवडल्यासारकं हाय हे!"

मी माझ्या दारात उभी होते. "दारात गर्दी नाई कराची" असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

मग काकू बोलायला लागल्या, आणि माझ्याकडे बघून बोलायला लागल्या, कारण नवऱ्याकडे बघून त्यांना बोलवत नव्हतं. "हे पोरगी झाली तवा आमी भाड्याच्या टिनाच्या खोलीत व्हतो. माह्यी माय नव्हती, माहेर कोनतं? हाच वैशाख. लेकराच्या अंगावर बोट ठेवाले जागा नाई इतक्या घामोळ्या. मी दुपारभर ओलं फडकं घेऊन बसू तिच्यापाशी. डोळा लागला का ते रडे. हे डुटीवरून येत आन भिंतीले टेकून घोरत. तीन मयने. तवापासून मले दिवसाची झोप नाई लागत पोरी. पडली का वाटते, लेकरू रडून राह्यलं."

काकांनी डोळे उघडले होते. त्यांनी चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला, परत लावला. एवढ्या वर्षांत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की वाटलं, ती कोंबडीवाली उशी उचलावी आणि फेकावी रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तयार होऊन बसले. उशी काखेत. पण ती त्यांनी काकूंपुढे धरली. "चाल. आता तू तपास. ज्याच्याखाली तुले झोप लागन ते टाकतो. मिस्त्रीले उद्या सकाळी बोलावलं."

"मले कायले लागते झोप! येड लागलं का तुमाले?"

"चाल तं खरी."

"एकटी नाई येत मी. मॅडमले घ्या."

स्कूटीवर तिघं बसणार कशी? म्हणून एसटीनं शिरपूरला निघालो. माझं आणि काकूंचं अर्धं तिकीट. काकांनी ओळखीच्या कंडक्टरला हात केला आणि नेहमीच्या सवयीनं दाराजवळच्या सीटकडे वळले. मग थांबले, मागे आले, आणि काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या शेजारी एसटीत बसायची त्यांची पहिलीच वेळ, हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं ते गाडीत असले तरी उभेच असायचे.

शिरपुरात काकांच्या ओळखीची तीन घरं पालथी घातली. पण ही परीक्षा सुरू व्हायच्या आधीच नापास झाली, कारण बाई माणूस लोकाच्या घरी जाऊन भरदुपारी निजते का कुठं? पहिल्या घरी काका म्हणाले, "हिले अर्धा घंटा झोपाचं हाय," आणि काकू लाजेनं लालबुंद होऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि घरच्या बाईबरोबर पापडाचे उंडे करू लागल्या. दुसऱ्या घरी गहू निवडले. तिसऱ्या घरी टिनावर तुराट्यांचा, म्हणजे वाळलेल्या तुरीच्या काड्यांचा, चांगला हातभर थर घातलेला होता आणि आत खरंच गारवा होता. तिथं काकूंनी त्या घरच्या सुनेचं रडकं पोर मांडीवर घेऊन झोपवलं. स्वतः टक्क जाग्या. काका बाहेर ओट्यावर उशी मांडीवर घेऊन बसले होते. मी बघत होते, ते झोपले नाहीत. एकदा मान डुलायला लागली तर उठून हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

परतीची गाडी साडेतीनची, रिसोडवरून पुढे लोणारला जाणारी. अंगाला चटका बसेल असा पत्रा, रेक्झिनच्या सीटा तापलेल्या, खिडकीतून झळा. काका परत काकूंच्या शेजारी, मी त्यांच्या मागच्या सीटवर. काकू पहिल्या दोन थांब्यांपर्यंत बडबडत होत्या, दिवस कसा वाया गेला, मिस्त्रीला आता काय सांगणार, पोरगी कुठं निजणार. मग बडबड थांबली. मी वाकून पाहिलं, तर काकूंचं डोकं काकांच्या खांद्यावर.

झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. गाडी खड्ड्यातून आदळली तरी हलल्या नाहीत.

काकांनी सावकाश उशी उचलली आणि खांदा आणि डोकं यांच्या मधे सरकवली. मग ताठ बसले, जसे काही वरिष्ठ अधिकारी तपासणीला आलेत. समोर दोन पोरं जोरात बोलत होती, त्यांच्याकडे बोट करून डोळे वटारले. पोरं गप्प.

रिसोड आलं. मी उठले. काकांनी मागे न बघता हाताच्या बोटानं सीटच्या दांड्याला एकच टक केली, अगदी हलकी. मी खाली बसले. लोक उतरले, नवे चढले, कंडक्टर तिकिटासाठी आला. ज्या माणसानं तीस वर्षांत एकाही पाशिंजराचा थांबा चुकू दिला नाही, त्यानं ओठांवर बोट ठेवून, खुणेनं, पुढची तिकिटं घेतली. आणि आम्ही आमचंच गाव सोडून पुढं निघालो.

काकूंना जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी बाहेर पाहिलं आणि ताडकन उठल्या. "हे कोन्तं गाव आलं? रिसोड कोठी गेलं?"

"गेलं मांगं," काका म्हणाले.

"आन तुमी?"

"माहा डोळा लागला."

"बाप्पा बाप्पा! काय करू या मानसाले! इंझोरीले तेच, आन आता बायको संग असून तेच! आन पोरी, तूबी झोपली व्हती का?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो काकू. मलाही लागली."

परतीच्या गाडीची वाट बघत एका थांब्यावर दीड तास आम्ही शिव्या खाल्ल्या. इतक्या खुशीनं शिव्या खाणारा माणूस मी परत पाहिला नाही.

सकाळी मिस्त्री आला. "काका, मंग कोन्तं छत पास झालं?"

"एसटीचं."

"आं?"

"टिनं टाक. वरतून तुराट्यांचा हातभर थर. बाकीचं मी पाह्यतो."

शुक्रवारी पोरगी आली तेव्हा तुराट्या बांधून मिस्त्री खाली उतरत होता. पुढं वैशाखात तिला मुलगी झाली. काकांनी एक फवारणीचा पंप विकत आणला, नवा कोरा, ज्याला औषध लागलेलं नाही असा, कारण काकूंनी तशी शपथ घातली होती. दर तासाला तो पाठीवर लावून शिडीवर चढत आणि तुराट्यांवर पाणी मारून खाली येत. गल्लीतले म्हणायचे, काका छतावर काय पिकवून राह्यले?

मला आठवतो तो दिवस बाळ वीस-बावीस दिवसांचं असतानाचा. परीक्षेची ड्युटी संपवून मी भर दोनला घरी आले. स्कूटी बोळातून मागच्या परसाकडे वळवली, तर खोलीच्या दारात स्टुलावर काका बसलेले. डोळे लाल, दुपट्टा ओला. दारात ते कोणाला उभं राहू देत नसत, आणि आता स्वतःच दार अडवून बसले होते. मला बघितल्याबरोबर त्यांनी चौकटीवर बोटानं एकदा टक केलं. मी गाडी बंद केली.

त्यांच्या खांद्यावरून आत दिसत होतं. खाटेवर पोरगी झोपलेली, झोळीत तिचं लेकरू झोपलेलं. आणि खाली चटईवर, डोक्याखाली कोंबडीवाली उशी घेऊन, झोळीची दोरी हातात तशीच धरून, काकू झोपल्या होत्या.

"काका, तुम्ही पडा थोडं," मी कुजबुजले. "मी बसते इथं."

त्यांनी मान हलवली. "डुटीवर हाय."

माझी खोली पुढच्या बाजूला, आणि स्कूटी स्टँडला लावायची तरी खट झालं असतं, ढकलत न्यायची तरी परसातल्या खडीचा आवाज झाला असता. म्हणून मी डबल बेलची वाट बघत राहिले. ती काही आली नाही. काकूंना जाग येईपर्यंत मी उन्हात तशीच स्कूटी धरून उभी होते.